बेल कर्व्ह गेला, मग? मायक्रोसॉफ्टचं एक प्रकरण

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका आयटी कंपनीत माझं अप्रेझल अकरा मिनिटांत उरकलं. मॅनेजरनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला, एका आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "काम चांगलंच आहे रे तुझं, पण वरची बकेट भरली." नंतरची दहा मिनिटं तो बोलत होता. क्लायंटनं मेलमध्ये काय लिहिलं होतं, मी कुठे कमी पडलो, पुढच्या प्रोजेक्टमध्ये काय शिकायला मिळेल, सगळं. त्यातलं आज मला काहीही आठवत नाही. आकडा आठवतो. समोरच्या चहावर धरलेली साय आठवते.

बरीच वर्षं हे मी माझ्या चिडकेपणाच्या खात्यावर टाकलं होतं. पुढे मॅनेजर लोकांना शिकवायच्या धंद्यात आलो आणि २००६ सालचा एक प्रयोग वाचनात आला. त्याबद्दल पुढे सांगतो, आधी धंद्याबद्दल. आमच्याकडे हल्ली मेंदू चांगला खपतो. एखादी गोष्ट साध्या शब्दांत सांगितली तर समोरचे मोबाइल बघत बसतात. तीच गोष्ट मेंदूच्या रंगीत चित्रासकट सांगितली की माना वर होतात. आणि त्या चित्रानंतरची स्लाइड जवळपास ठरलेली असते: मायक्रोसॉफ्ट. सत्या नडेला आले, त्यांनी ‘ग्रोथ माइंडसेट’, म्हणजे प्रयत्नानं बुद्धी वाढते ही धारणा, आणली, संस्कृती बदलली, शेअर दहापटीच्या वर गेला. ही स्लाइड मीही वापरली आहे. ती खोटी नाही, पण तिच्यातला क्रम चुकलेला असतो, आणि या प्रकरणात सगळी गंमत क्रमातच आहे.

दहा जणांत एक नापास

कर्मचाऱ्यांना वक्ररेषेवर बसवायची कल्पना जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी गाजवली. २० टक्के अव्वल, ७० टक्के मधले, १० टक्के तळातले, आणि तळातल्यांना निरोप. मायक्रोसॉफ्टमध्ये याच जातीची पद्धत होती, नाव ‘स्टॅक रँकिंग’. आपल्याकडच्या आयटीवाल्यांना ‘बेल कर्व्ह’ किंवा ‘नॉर्मलायझेशन’ म्हटलं की पुरे.

ऑगस्ट २०१२ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकात कर्ट आयकेनवाल्ड या पत्रकारानं कंपनीच्या घसरणीवर दीर्घ लेख लिहिला. त्यात या पद्धतीचा हिशोब सांगितला आहे: टीम दहा जणांची असेल, तर माणसं कितीही चांगली असोत, पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं की दोघांना उत्तम शेरा मिळणार, सात जणांना मध्यम आणि एकाला वाईट. ज्या आजी-माजी कर्मचाऱ्यांशी आपण बोललो त्यांतल्या प्रत्येकानं कंपनीतली सर्वांत घातक गोष्ट म्हणून याच पद्धतीचं नाव घेतलं, असं आयकेनवाल्ड यांनी लिहिलं आहे.

परिणाम काय झाले तेही त्या लेखात आहेत आणि ते वाचताना हिंजवडीतल्या कुणालाही हसू येईल. हुशार इंजिनिअर दुसऱ्या हुशार इंजिनिअरच्या टीममध्ये जायला नाखूश असे. का जाईल? आपल्याहून कच्च्या लोकांत बसलं की वरची बकेट आपलीच. सहकाऱ्याला मदत करायची, पण हात राखून. माहिती द्यायची, पण त्याचं काम पूर्ण होईल इतकी नाही. वरून सगळं गोड. २०११ मध्ये गूगलमधला इंजिनिअर मनू कोर्ने यानं मोठ्या कंपन्यांच्या रचनांवर एक व्यंगचित्र काढलं होतं. त्यात मायक्रोसॉफ्टचे विभाग एकमेकांवर पिस्तुलं रोखून उभे आहेत. त्या चित्राचं वाईट वाटलं, पण त्याहून वाईट याचं वाटलं की आपल्याच लोकांनी ते मान्य केलं, असं नडेलांनी नंतर लिहिलं.

१२ नोव्हेंबर २०१३ ला मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख लिसा ब्रमेल यांचं पत्र सर्व कर्मचाऱ्यांना गेलं. वक्ररेषा बंद, रेटिंगही बंद. बोनसचं ठरावीक बजेट मॅनेजरच्या हाती, त्यात त्यानं आपल्या विचारानं वाटप करायचं. वर्षातून एकदा निकाल लावण्याऐवजी वेळोवेळी बसून बोलायचं, त्या बैठकीला नाव दिलं ‘कनेक्ट’. आणि कामाचा प्रभाव तीन प्रश्नांनी बघायचा: तू स्वतः काय केलंस, दुसऱ्याच्या यशाला काय हातभार लावलास, आणि दुसऱ्यानं केलेल्या कामावर तू काय उभं केलंस.

हा तिसरा प्रश्न मला फार आवडतो. इंजिनिअर मंडळींना दुसऱ्याचं तयार चाक वापरण्यापेक्षा स्वतःचं नवं बनवण्यात पराक्रम वाटतो. दुसऱ्याचं वापरलंस याचे गुण मिळायला लागले की ती खोड आपोआप सैल होते. वक्ररेषेखाली हे शक्यच नव्हतं, कारण शेजाऱ्याचं काम वापरणं म्हणजे त्याला वर चढवणं.

आता तारखा बघा. नोव्हेंबर २०१३ मध्ये नडेला सीईओ नव्हते. स्टीव्ह बामर यांनी ऑगस्टमध्ये निवृत्ती जाहीर केली होती, पण खुर्चीत तेच होते. नडेला आले ४ फेब्रुवारी २०१४ ला. पत्रात कारण दिलं होतं ते ‘वन मायक्रोसॉफ्ट’चं, म्हणजे विभागांनी एकत्र काम करण्याचं. म्हणजे आधी वाटेतला दगड, ती वक्ररेषा, हलवला, नवा सीईओ नंतर आला आणि मेंदूची भाषा त्याच्या मागून.

आकडा ऐकल्यावर कान का बंद होतात

तो २००६ चा प्रयोग. जेनिफर मँगेल्स आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत ‘माइंडसेट’ची कल्पना मांडणाऱ्या कॅरल ड्वेकही होत्या, विद्यार्थ्यांच्या डोक्यावर विद्युतलहरी मोजणारी टोपी चढवून त्यांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले. उत्तर दिल्यावर आधी फक्त बरोबर की चूक एवढंच कळायचं आणि नंतर खरं उत्तर पडद्यावर यायचं. बुद्धी जन्मतः ठरलेली असते असं मानणाऱ्यांचं लक्ष ‘बरोबर की चूक’ या निकालाकडे चांगलं लागायचं. खरं उत्तर समोर आल्यावर मात्र ते डोक्यात साठवण्याच्या लहरी त्यांच्यात कमी पडायच्या. पुढे न सांगता तीच परीक्षा पुन्हा घेतली, तेव्हा त्यांनी आधीच्या चुका तुलनेनं कमी दुरुस्त केल्या.

अकरा मिनिटांचं माझं अप्रेझल मला इथे सापडलं. निकाल आत गेला, दुरुस्ती बाहेर राहिली.

दुसरा प्रयोग २०११ चा, मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या जेसन मोझर यांचा. पंचवीस विद्यार्थी, पडद्यावर झरकन येणारी अक्षरांची ओळ, मधलं अक्षर कोणतं ते बटण दाबून सांगायचं. सोपं काम, पण वेगामुळे चुका होतात. चूक झाली की मेंदूत दोन लहरी उमटतात. पहिली जवळजवळ तत्काळ, ‘काहीतरी गडबड झाली’ अशी. दुसरी थोडी मागून, अर्ध्या सेकंदाच्या आत, चुकीकडे जाणीवपूर्वक लक्ष गेल्याची. प्रयत्नानं बुद्धी वाढते असं मानणाऱ्यांत ही दुसरी लहर मोठी होती, आणि चुकीनंतरचं त्यांचं पुढचं उत्तर बरोबर येण्याचं प्रमाणही जास्त होतं. चुका सगळेच करत होते. फरक होता तो त्या अर्ध्या सेकंदात चुकीकडे बघण्याची तयारी असण्याचा.

तिसरी गोष्ट ताणाची. येल विद्यापीठात एमी आर्न्स्टन यांनी अनेक वर्षं कपाळामागच्या भागावर, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर काम केलं आहे. योजना करणं, दोन गोष्टी एकदम डोक्यात धरणं, तोंडावर आलेला शब्द गिळणं ही याची कामं. ताण असेल आणि तो आपल्या हातात नाही असं वाटत असेल, तर नॉरअॅड्रेनलिन आणि डोपामिन यांच्या भरतीनं या भागातल्या जोडण्या सैल पडतात आणि सूत्रं जुन्या, झटपट सवयींकडे जातात. ‘हातात नाही’ हा यातला कळीचा भाग आहे. डेडलाइनचाही ताण असतो, पण तिथे निदान रात्रभर जागून काही करता येतं. दहातला एक नापास होणारच हे आधी ठरलेलं असेल, तर जागूनही उपयोग नसतो.

चौथा प्रयोग सगळ्यांत लाडका, म्हणून जपून सांगतो. २००३ मध्ये नेओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लिबरमन आणि किपलिंग विल्यम्स यांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून संगणकावर चेंडू फेकाफेकीचा खेळ खेळायला लावला. थोड्या वेळानं बाकीचे दोघं याला चेंडू टाकेनासे झाले. शारीरिक वेदनेत जो भाग जागा होतो, त्यातला एक इथेही जागा झाला. त्यावरून ‘मेंदूला अपमान आणि फ्रॅक्चर सारखंच’ अशी वाक्यं ट्रेनिंगमध्ये फिरतात. तसं सिद्ध झालेलं नाही. तो भाग वेदनेत जागा होतो, तसाच चूक लक्षात येताना, गोंधळात, अवघड निवड करतानाही होतो. एका दिव्यावरून घरात कोण आलंय ते सांगता येत नाही. ‘डावललं गेलं की लागतं’ एवढं म्हणावं, तेवढं पुरतं.

हे सगळं गोळा करून मॅनेजर लोकांच्या हाती देण्याचं काम डेव्हिड रॉक यांनी केलं. ‘न्यूरोलीडरशिप’ हा शब्द त्यांचाच. २००८ मध्ये त्यांनी पाच गोष्टींची एक चौकट मांडली: प्रतिष्ठा, निश्चितता, स्वायत्तता, आपलेपणा आणि न्याय. यांतल्या एकीवर जरी घाला आला तरी मेंदू तो धोका म्हणून घेतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये रॉक आणि सहकाऱ्यांनी रेटिंग बंद करा असं सांगणारा लेख याच आधारावर लिहिला. मायक्रोसॉफ्टची वक्ररेषा जाऊन तेव्हा जवळपास नऊ महिने झाले होते. पुढे रॉक यांची संस्था मायक्रोसॉफ्टच्या नेतृत्व-प्रशिक्षणात सल्लागारही झाली.

या पाच गोष्टी कळायला स्कॅनर लागतो का? माझ्या मते नाही. चाळीत वाढलेल्या माणसाला पाचही ठाऊक असतात. पण कंपनीत एक अडचण असते: ‘लोकांना वाईट वाटतं’ असं एचआरनं म्हटलं तर तो हळवेपणा ठरतो, आणि ‘प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर परिणाम होतो’ म्हटलं की सीएफओ वहीत लिहून घेतो. मेंदूशास्त्राचा या प्रकरणातला निम्मा उपयोग मला हाच दिसतो. जे बोलायला लाज वाटत होती, त्याला मीटिंगमध्ये बसायला खुर्ची मिळाली.

कप्तानानं चेंडू परत दिला

नडेला हैदराबादचे, शाळेत क्रिकेट खेळलेले. त्यांनी सांगितलेला एक किस्सा आहे. एका सामन्यात त्यांची गोलंदाजी धुतली जात होती. कप्तानानं स्वतः चेंडू घेतला, विकेट काढली, आणि पुढे चेंडू पुन्हा यांच्याच हातात दिला. मग यांनाही विकेट मिळाल्या. मला परत का दिलास असं विचारल्यावर कप्तान म्हणाला, तुझा आत्मविश्वास मोडायचा नव्हता, मोसम अजून लांब आहे.

ड्वेक यांचं पुस्तक नडेलांना पत्नी अनू यांनी दिलं होतं. त्यावरून कंपनीत एक वाक्य रूढ झालं: सगळं येणाऱ्यांपेक्षा सगळं शिकणारे व्हा. वाक्यं काय, सगळ्याच कंपन्यांच्या भिंतीवर असतात. भिंतीवरचं वाक्य खरं की खोटं हे बॉस चुकल्यावर कळतं, आणि नडेला आठ महिन्यांतच चुकले.

९ ऑक्टोबर २०१४, फिनिक्स शहरातली ‘ग्रेस हॉपर’ परिषद, समोर संगणकक्षेत्रातल्या हजारो स्त्रिया. मुलाखत घेत होत्या मारिया क्लॉव, ज्या मायक्रोसॉफ्टच्या संचालक मंडळावरही होत्या. पगारवाढ मागायला संकोच वाटणाऱ्या स्त्रियांनी काय करावं, असा प्रश्न आला. नडेला म्हणाले, मागू नये, व्यवस्थेवर विश्वास ठेवावा, न मागणं हे चांगलं कर्म आहे, ते फळतं. क्लॉव यांनी तिथल्या तिथे, मंचावरच, आपल्याला हे पटत नसल्याचं सांगितलं आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी नडेलांचं पत्र सगळ्या कर्मचाऱ्यांना गेलं: मी त्या प्रश्नाचं उत्तर पूर्णपणे चुकीचं दिलं. ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला’ हे आपलं राष्ट्रीय वाक्य त्यात नव्हतं.

मला मात्र या प्रसंगातलं महत्त्वाचं पात्र क्लॉव वाटतात. हजारो लोकांसमोर सीईओला ‘नाही’ म्हणणारं माणूस शेजारी बसलेलं होतं, म्हणून चूक त्याच दिवशी कळली. मोझर यांची ती दुसरी लहर एका डोक्यातली. कंपनीत ती लहर म्हणजे बोलणारं दुसरं माणूस.

मग २३ मार्च २०१६. मायक्रोसॉफ्टनं ‘टे’ नावाचा चॅटबॉट ट्विटरवर सोडला. लोकांशी बोलत बोलत तो शिकणार होता, आणि शिकलाही: टवाळांनी त्याला वर्णद्वेषी, शिवराळ, हिटलरची भलामण करणारी वाक्यं शिकवली. एक दिवस उलटायच्या आत तो बंद करावा लागला. जगभर छी-थू झाली. २५ तारखेला संशोधन विभागाचे पीटर ली यांनी जाहीर माफी मागितली.

माझ्या ओळखीच्या बहुतेक ऑफिसांत यानंतर एक मीटिंग झाली असती आणि तिचा अजेंडा असता ‘कोणी केलं’. नडेलांनी त्या टीमला मेल केला. आशय असा: पुढे जात राहा, मी तुमच्यासोबत आहे, टीका योग्य भावनेनं घ्या, ज्यांना दुखावलं गेलं त्यांच्याबद्दल मनापासून सहानुभूती ठेवा, शिकत राहणं, सुधारत राहणं महत्त्वाचं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीनं ‘झो’ नावाचा पुढचा चॅटबॉट आणला, अधिक सावधपणे बांधलेला.

त्या मेलमध्ये ‘चुकलात’ हेही आहे आणि ‘तुम्हीच दुरुस्त करा’ हेही. फक्त पाठीवर थोपटणं नाही. आमच्या ट्रेनिंगमधून बाहेर पडणारे पुष्कळ मॅनेजर ‘धोका वाटू द्यायचा नाही’ याचा अर्थ ‘वाईट बातमी द्यायचीच नाही’ असा घेतात आणि मग टीममधल्या मुलाला आपण कुठे कमी पडलो हे थेट पीआयपीचं, म्हणजे ‘सुधारा नाहीतर निघा’ अशा इशाऱ्याचं, पत्र हातात पडल्यावर कळतं. मँगेल्स यांच्या प्रयोगात ‘चूक’ हा शब्द वगळलेला नव्हता. त्याच्यामागून खरं उत्तरही येत होतं.

पाच मिनिटं

या प्रकरणातला मेंदूशास्त्राचा सर्वांत प्रामाणिक वापर माझ्या मते अगदी किरकोळ दिसणारा आहे. मार्च २०२१, करोनाचा काळ, सगळं जग व्हिडिओ कॉलवर. मायक्रोसॉफ्टच्या ह्यूमन फॅक्टर्स लॅबनं चौदा जणांना विद्युतलहरी मोजणारी टोपी घालून मीटिंगांना बसवलं. एका दिवशी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार मीटिंग सलग. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच मीटिंग, पण मध्ये दहा-दहा मिनिटांची विश्रांती आणि तीत अॅपवर ध्यान.

सलग मीटिंगांत ताणाशी जोडल्या जाणाऱ्या बीटा लहरी चढत गेल्या. विश्रांती मिळाली तेव्हा त्या प्रत्येक वेळी खाली येऊन पुढची मीटिंग जवळपास नव्यानं सुरू झाली. दुसरं निरीक्षण जास्त मजेशीर: सलग मीटिंगवाल्यांत ताणाची उसळी एक मीटिंग संपून दुसरी सुरू होण्याच्या सांध्यावर दिसली. घरच्या स्वयंपाकघराचं उदाहरण घ्या. पोळ्यांपेक्षा पोळ्या टाकून एकदम फोन घ्यायला धावणं माणसाला जास्त दमवतं.

चौदा हा आकडा लहान आहे आणि प्रयोग कंपनीनं स्वतःच्याच उत्पादनाच्या अंगणात केलेला आहे. निष्कर्षावर इमले बांधू नयेत. पण पुढे काय केलं ते बघा. पोस्टर लावलं नाही, शपथ घ्यायला लावली नाही. आउटलुकमध्ये एक सेटिंग दिलं, ज्यामुळे संस्थेतली प्रत्येक मीटिंग आपसूक पाच, दहा किंवा पंधरा मिनिटांनी छोटी ठरते. अर्धा तास निवडला की कॅलेंडरवर पंचवीस मिनिटं उमटतात. कुणाला मेंदूतलं काही कळायची गरज नाही.

वक्ररेषा काढून टाकणं आणि हे सेटिंग, दोन्ही एकाच जातीच्या गोष्टी. माणसाला ‘तू बदल’ न सांगता त्याच्याभोवतीचं काहीतरी हलवलं. मधल्या व्याख्यानांना मी बिनकामाची म्हणत नाही, माझं पोट त्यावर चालतं. पण कुणी मला एकच गोष्ट करायला सांगितली, तर मी व्याख्यान सोडून सेटिंग धरीन.

याला ड्वेक यांच्या क्षेत्रातूनच आधार मिळतो. शाळांमधल्या ‘माइंडसेट’ कार्यक्रमांचे निकाल २०१८ मध्ये एकत्र तपासले गेले तेव्हा सरासरी परिणाम फारच बारीक निघाला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे बारा हजार नववीच्या मुलांवरचा डेव्हिड येगर यांचा मोठा अभ्यास आला. त्यात कमी गुण मिळवणाऱ्या मुलांना थोडासा, पण खरा फायदा दिसला, आणि तो टिकला मुख्यतः त्या शाळांत, जिथे आजूबाजूच्या मुलांतही अवघड गणित घेण्याची पद्धत होती. बी तेच, जमीन वेगळी. एलिझाबेथ कॅनिंग आणि मेरी मर्फी यांनी कंपन्यांबाबतही असंच पाहिलं: ‘आमच्याकडे जन्मजात प्रतिभावंतच लागतात’ असा सूर लावणाऱ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांचा संस्थेवरचा विश्वास कमी असतो.

स्लाइडवर न येणारं

१७ जुलै २०१४ ला, म्हणजे नडेला येऊन साडेपाच महिने होताहेत तोच, मायक्रोसॉफ्टनं १८,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. कंपनीच्या इतिहासातली तोवरची सर्वांत मोठी कपात. त्यातल्या सुमारे १२,५०० नोकियाकडून घेतलेल्या व्यवसायातल्या. त्याच महिन्याच्या शेवटी ‘वन वीक’ हा कंपनीभरचा हॅकेथॉनचा पहिला सोहळा झाला, आणि त्यात एएलएस हा स्नायू निकामी करत जाणारा आजार झालेल्या स्टीव्ह ग्लीसन या माजी अमेरिकन फुटबॉलपटूसाठी डोळ्यांनी चालणारी व्हीलचेअर बनली. ते काम खरंच सुंदर होतं. पण रॉक यांच्या पाचांतली ‘निश्चितता’ त्या जुलैमध्ये हजारो घरांतून गेली, हेही तितकंच खरं. २०२३ मध्ये आणखी १०,००० गेले, २०२५ मध्ये पुन्हा हजारो. २०२५ च्या जुलैत नडेलांनी पत्र लिहिलं की ही कपात मनावर ओझं होऊन बसली आहे. मनावर ओझं असलेल्या सीईओखालीही ज्याची नोकरी जाते त्याच्या मेंदूत व्हायचं ते होतंच.

शेअरचं म्हणाल, तर क्लाउडचा व्यवसाय २००८ मध्ये जाहीर झाला होता, बामर यांच्या काळात. आयपॅडवरचं ऑफिस मार्च २०१४ मध्ये आलं, पण ते बनत होतं आधीपासून. नडेलांनी योग्य घोड्यांवर पैसे लावले. तेवढ्यावरून शेअरचा आलेख मेंदूच्या चित्राशेजारी ठेवणं म्हणजे पाऊस पडला त्याचं श्रेय छत्रीला देणं. मीही ठेवला आहे, कबूल करतो, टाळ्या मिळतात. २००८ मध्येच येलच्या डीना वाइसबर्ग यांनी दाखवलं होतं की फुसक्या स्पष्टीकरणात मेंदूविषयी असंबद्ध वाक्य घुसडलं तरी सामान्य वाचकांना ते अधिक पटतं. तज्ज्ञ तेवढे फसले नाहीत. आमचं गिऱ्हाईक तज्ज्ञ नसतं.

सर्वांत बोचरा कागद अलीकडचा. २०२३ च्या उन्हाळ्यात चीनशी संबंधित हॅकरांनी मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेतून अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांचे मेल वाचले. अमेरिकेच्या सायबर सेफ्टी रिव्ह्यू बोर्डानं एप्रिल २०२४ मध्ये अहवाल दिला आणि त्यात स्पष्ट लिहिलं की कंपनीची सुरक्षेबाबतची संस्कृती अपुरी आहे, ती मुळातून बदलायला हवी. ‘संस्कृती’ हाच शब्द. शिकणाऱ्यांची कंपनी म्हणून दहा वर्षं जिचं उदाहरण दिलं गेलं, तिला हे ऐकावं लागलं. टेची चूक काही तासांत जगाला दिसली होती. ही चूक बाहेरच्यांनी दाखवून दिल्यावर कळली: परराष्ट्र खात्याच्या लक्षात आलं आणि त्यांनी कंपनीला कळवलं. जी चूक दिसत नाही, तिच्यापुरती ती दुसरी लहर उमटायची वेळच येत नाही, मग माइंडसेट कोणताही असो.

यावर कंपनीनं काय केलं? मे २०२४ मध्ये नडेलांनी लिहिलं की सुरक्षा आणि दुसरं काहीही यांत निवड करायची वेळ आली तर सुरक्षा निवडा. आणि काही महिन्यांत प्रत्येक कर्मचाऱ्याच्या कामाच्या मूल्यमापनात सुरक्षेसाठी तू काय केलंस हा मुद्दा आला. नोव्हेंबर २०१३ मध्ये सुरू झालेल्या त्याच ‘कनेक्ट’मध्ये.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी हे सगळं प्रकरण शिकवलं. शेवटी आउटलुकचं सेटिंग दाखवलं. एचआरमधल्या मॅडमना ते आवडलं, त्यांनी त्याच आठवड्यात सगळ्यांसाठी चालू केलं. दोन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा कँटीनमध्ये एक डिलिव्हरी मॅनेजर भेटला, मिसळीची प्लेट हातात, चांगलाच खूश.

"सर, ते पाच मिनिटांचं एकदम बेस्ट झालं," तो म्हणाला. "दोन कॉलच्या मध्ये आता गॅप मिळतो. पोरांची अप्रेझलं त्यातच उरकतो."